चैतालीची चादर

आनंदी खळदकर बाईंना कुणाचाही हेवा वाटत नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि वर्षातून सात-आठ वेळा तरी सांगत, त्यामुळे कोथरूडच्या स्वानंद सोसायटीत ते सगळ्यांना पाठ झालं होतं. जावेने तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी सांगितलं. शाळेतल्या गायनाच्या बाईंना आदर्श शिक्षिका पुरस्कार मिळाला तेव्हा तर पेढा खाता खाता सांगितलं. मग ॲसिडिटीची गोळी घेतली.

सदाशिव पेठेतल्या मुलींच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या अंदाजाने एकूण अकरा हजार तांबे त्यांच्या हाताखालून गेले असावेत. वस्तुचित्र म्हणजे एक तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेला नॅपकिन, ही मांडणी त्यांनी एकतीस वर्षांत बदलली नव्हती, वांगी तेवढी बदलली. या अकरा हजारांतला एक तांब्या त्यांच्या पक्का लक्षात होता, कारण तो डावीकडे इतका कलला होता की बघणाऱ्याने पाणी अंगावर येईल म्हणून पाय मागे घ्यावा. तो चैताली रणपिसेचा, आठवी ब. बाईंनी त्याला शंभरपैकी अठ्ठावीस गुण दिले होते आणि शेजारी लाल शाईने लिहिलं होतं, 'तांब्या उभा करावा.'

त्या चैतालीचा एका मंगळवारी व्हॉट्सॲपवर निरोप आला. 'बाई, माझ्या जलरंगातल्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन आहे, बुधवार ते रविवार. तुम्ही आणि सर नक्की या.' सोबत पत्रिका होती आणि तिच्यावर डॉ. चैताली रणपिसे असं नाव होतं.

"डॉक्टर कशाची?" श्यामरावांनी विचारलं.

"दातांची. कर्वेनगरला दवाखाना आहे."

"मग चित्रं का काढतेय?"

बाईंच्या मनातही नेमका हाच प्रश्न आला होता, पण नवऱ्याने विचारल्यामुळे तो त्यांना एकदम चुकीचा वाटला. "माणसाला छंद असतात," त्या म्हणाल्या. "सगळेच काही विमा कंपनीत नसतात."

श्यामराव विमा कंपनीत पाहणी अधिकारी होते. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की तिचं कुठे काय बिघडलंय हे आधी बघायची त्यांना सवय लागली होती. बाईंना ही सवय अजिबात आवडत नसे. प्रदर्शनाला मात्र त्या याच तयारीने निघाल्या. पर्समध्ये जवळचा चष्मा, लांबचा चष्मा आणि एक छोटी वही. गुण मांडायला.

कलादालन म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा एक लांबट हॉल होता. दाराशी टेबल टाकून, पुढ्यात अभिप्रायाची वही ठेवून एक ताठ बसलेले म्हातारे गृहस्थ होते. बाईंना बघून ते उठले.

"नमस्कार बाई. मी सीताराम रणपिसे, चैतालीचे वडील. आठवीच्या वेळी तुम्हाला भेटायला आलो होतो. तांब्याच्या संदर्भात."

बाईंना आठवलं. बसच्या डेपोतून ड्यूटी संपवून खाकी कपड्यातच आलेले, हातात मुलीची चित्रकलेची वही. तांब्या सरळ कसा काढायचा तेवढं मला समजावून सांगा, मी घरी तिचा सराव घेतो, असं म्हणाले होते. बाईंनी त्यांना मध्यरेषा समजावून दिली होती.

"मग, आता बरा येतो का तांब्या?" बाईंनी विचारलं.

"आता ती तांबे काढत नाही," सीतारामजी म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली.

बाईंनी वहीत 'भेट दिली' एवढंच लिहिलं आणि त्या तपासायला लागल्या. पहिलं चित्र लकडी पुलाखालच्या म्हशींचं, चोपन्न गुण. दुसरं दवाखान्याच्या बाकावर वाट बघणाऱ्या तीन माणसांचं, एकसष्ट, कारण मधल्या माणसाचा गाल खरोखर सुजल्यासारखा दिसत होता. असं करत करत त्या आठ नंबरपर्यंत आल्या. सगळं ठीक चाललं होतं. मुलगी प्रगती करत होती, पण बेतानेच, आणि बाईंच्या चेहऱ्यावर एक प्रसन्न दयाळूपणा पसरत चालला होता.

नऊ नंबरचं चित्र हातभर लांबीचं होतं. गच्चीवरची दोरी, दोरीवर एक पांढरी चादर, मागून येणारं ऊन. चादरीच्या खाली दोन पाय, बाईचे. तिचं बाकी काही दिसत नव्हतं, नुसती चादरीतून पुसट सावली आणि खाली पाय. एका पायाची टाच उचललेली, म्हणजे ती पलीकडून दोरीपर्यंत हात पुरवून चिमटा लावत असणार. चादरीच्या घडीत कुठे जांभळट, कुठे जमिनीवरून उसळून आलेला हळदीसारखा उजेड.

बाईंनी आधी रचनेचे गुण कापायला घेतले. कापता आले नाहीत. छायाप्रकाशाकडे वळल्या. शेवटी चष्मा बदलून त्या स्वच्छतेच्या दहा गुणांवर आल्या, कारण मुली कितीही हुशार असल्या तरी कडेला बोटाचा ठसा हमखास ठेवतात. ठसा नव्हता. बेरीज शहाण्णव आली. एकतीस वर्षांत बाईंनी ब्याऐंशीच्या वर कुणाला गुण दिले नव्हते. वरचे अठरा त्यांनी कुणासाठी राखून ठेवले होते हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते त्यांच्या स्वतःसाठी होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "गोळी आहे का?"

तेवढ्यात त्यांच्या खांद्याजवळ एक तरुण येऊन उभा राहिला. पाठीला सॅक, हातात मोजपट्टी. नाव आमोद, बावधनला नवा फ्लॅट, ही माहिती तो चैतालीला देत होता तेव्हा बाईंना आपोआप मिळाली.

"मॅम, हे फायनल करतो," तो म्हणाला. "फक्त हा जो यलो आहे ना, तो थोडा मस्टर्डकडे नेता येईल का? सोफा मस्टर्ड आहे."

"नाही," चैताली हसून म्हणाली.

"नो इश्यूज. साइझ परफेक्ट आहे, शू-रॅकच्या वर बसेल."

"ते मी घेतेय," बाई म्हणाल्या.

हे वाक्य कुणी उच्चारलं ते बघायला बाईंनीच आधी मागे वळून पाहिलं. श्यामराव गोळीची पट्टी हातात धरून उभे होते. चैतालीच्या चेहऱ्यावर मात्र असा काही आनंद आला की आता शब्द मागे घेणं अवघड झालं.

"बाई, खरंच?"

"म्हणजे, विचार करतेय."

"करा ना, घाई नाही. रविवारी प्रदर्शन संपेपर्यंत ठेवते मी." तिने चित्राखाली हिरवी टिकली चिकटवली. लाल टिकली म्हणजे विकलं गेलं, हिरवी म्हणजे विचार चालू. मग वाकून तिने बाईंना नमस्कार केला आणि आजूबाजूच्या चार माणसांना सांगितलं, "या माझ्या चित्रकलेच्या बाई."

त्या चौघांतल्या एका बाईंनी मोठ्या अगत्याने विचारलं, "हो का? मग तुमचं प्रदर्शन कधी?"

बाई म्हणाल्या की पाऊण वाजलाय आणि रिक्षा मिळत नाही.

रिक्षात श्यामराव आधी मीटर बघत बसले. पौड फाट्याच्या सिग्नलला म्हणाले, "अठरा हजार. चादर एक, पाय दोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलेल्या श्यामरावांनी ही बातमी खाली सांगितली आणि दहा वाजता सोसायटीचे सेक्रेटरी सलिल गद्रे सल्ला घेऊन वर आले. गद्र्यांना चित्रकलेतलं काही कळत नव्हतं, पण सल्ला देण्याच्या आड त्यांनी ही अडचण कधी येऊ दिली नव्हती.

"ओरिजिनल घ्यावं, जरूर घ्यावं," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "पण चित्रकार मोठा असेल तर. मोठा चित्रकार गेला की किंमत वाढते. ही तुमची विद्यार्थिनी किती वर्षांची?"

"अडतीस."

"तब्येत?"

"उत्तम आहे."

"मग तुमच्या हयातीत काही होत नाही," गद्रे म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला. "त्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढा, मोठी प्रिंट मारून घ्या. सहाशे रुपयांत काम होतं. चादर ती चादरच दिसणार."

फोटो बाईंनी आधीच काढला होता, चैतालीची पाठ असताना. गद्रे गेल्यावर त्यांनी तो कांताबाईंना दाखवला. कांताबाई मुठा गावच्या, बाईंकडे धुणंभांडी करायला लागून नऊ वर्षं झाली होती. ओले हात पदराला पुसून त्यांनी फोटो लांब धरला.

"कोन हाय ही बाई?"

"असेल कुणीतरी."

"चादर धुतली हिनं आन् पैसे डाक्टरीनबाईंना. बरं हाय." मग त्यांनी फोटो जवळ घेतला. "टाच उचललीय बघा तिनं. दोरी उंच पडती तिला. दोरी गड्यानं बांधली आसनार."

बाईंनी मोबाइल परत घेतला. चित्रात दोरी कुणी बांधली हेसुद्धा दिसत होतं, आणि ते त्यांच्याआधी कांताबाईंना दिसलं होतं. त्यांनी पट्टीतली आणखी एक गोळी घेतली. ही मुलगी दिवसभर लोकांच्या दाढा कोरते. उरलेल्या वेळात हे काढते. आणि आपण एकतीस वर्षं फक्त हेच केलं.

मग त्यांना एक विचार सुचला आणि तो सुचताच इतका हलकेपणा वाटला की त्यांनी श्यामरावांना न मागता चहा करून दिला. घ्यायचं कशाला? एक दोरी, एक चादर, दोन पाय. दोन सकाळींचं काम. नवऱ्याला मात्र त्यांनी सांगितलं की चित्र हाताने काढून बघितल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही.

"म्हणजे पाहणी," श्यामराव म्हणाले. त्यांना ते पटलं.

अडचण गच्चीची होती. गच्चीची किल्ली गद्र्यांकडे असे आणि ती मिळायला अर्ज लागे. अर्जाच्या छापील नमुन्यात गच्चीची तीनच कारणं होती, वाळवण, टाकीसफाई आणि डिश दुरुस्ती. कपडे वाळत घालायला तर २०१९च्या ठरावाने बंदीच होती. श्यामरावांनी सुचवलं की वाळवणावर खूण करावी आणि चादरीवर थोडे पापड पसरावेत. पण खोटं लिहायचं नाही म्हणून बाईंनी चौथा चौकोन पेनाने स्वतः आखला आणि त्यात लिहिलं, 'कलेच्या कारणासाठी एक चादर टांगणे.'

गद्र्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"चादर ओली का कोरडी?"

"त्याने काय फरक पडतो?"

"ठरावात 'ओले कपडे' असा शब्द आहे. कोरडी चादर टांगायला मनाई दिसत नाही. ओली असेल तर कमिटीपुढे ठेवावं लागेल, आणि कमिटी पुढच्या महिन्यात आहे."

"कोरडी," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी नऊला ही मोहीम गच्चीवर गेली. पुढे किल्ली घेऊन बाई, मागे घडीची खुर्ची, दोरी आणि छत्री घेऊन श्यामराव, त्यांच्यामागे चादर घेऊन कांताबाई. चादर सोलापुरी होती, खोलीतली हाताला लागली ती. ती दोरीवर टाकल्यावर तिच्यातून उजेडाचा एक थेंबही पलीकडून येईना, नुसती भिंत उभी राहिल्यासारखं दिसायला लागलं. कांताबाई खाली जाऊन पाहुण्यांसाठी ठेवलेली पातळ पांढरी चादर घेऊन आल्या. ती बाईंच्या नणंदेने दिलेली, न वापरलेली, चुण्यांसकट कडक. मधेच गद्रे येऊन ती हाताने चाचपून गेले आणि कोरडी असल्याची त्यांनी खात्री करून घेतली.

कांताबाई चादरीमागे उभ्या राहिल्या.

"टाच उचला," बाईंनी सांगितलं.

"किती टाइम?"

"मी सांगेपर्यंत."

कांताबाईंनी टाच उचलली आणि हात उंचावून दोरी धरली. बाईंनी मांडीवर पाटी घेतली, पोस्टर रंगांच्या बाटल्या ओळीने लावल्या. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग ऊन सरकलं. श्यामराव छत्री धरून सरकले. छत्रीची सावली चादरीवर पडली. ते पलीकडे सरकले, तर ती कांताबाईंच्या पायावर पडली. "अहो, तुम्ही खाली जा," बाई म्हणाल्या, आणि ते छत्री घेऊनच गेले.

सव्वादहाला टेकडीवरून वारा सुटला. चादर ओली असती तर जागेवर राहिली असती, पण ती ठरावानुसार कोरडी होती. तिने एकदा फुगून श्वास घेतला, दोन्ही चिमटे उडवले आणि ती निघाली. दोरीला धरून उभ्या असलेल्या कांताबाई दिसू लागल्या, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर कुठलीतरी मालिका. चादर बी विंगच्या सोलरवर जाऊन बसली आणि तिथल्या पाइपात एका कोपऱ्याने अडकली. ती ओढायला खालून धावत आलेल्या श्यामरावांच्या हाती चादरीबरोबर पाइपाचा एक जोडही आला. बी विंगला दुपारी बारापर्यंत गार पाणी होतं, आणि बारानंतर पाणीच नव्हतं.

प्लंबर संतोष येऊन जोड बसवून गेला. जाताना त्याने श्यामरावांना सांगितलं की सोलरवर चादर घालायची असेल तर आधी वॉल्व्ह बंद करायचा असतो. सोसायटीच्या ग्रुपवर गद्र्यांनी लिहिलं, 'कलेच्या कारणामुळे गरम पाणी बंद आहे.'

बाईंनी हार मानली नाही. शनिवारी दिवसभर घरात बसून, फोटो बघून आणि कांताबाईंच्या पायांचं कच्चं रेखाटन समोर ठेवून त्यांनी चित्र पुरं केलं. पांढऱ्या रंगाची एक बाटली संपली. रविवारी दुपारी त्यांनी ते कपाटाला टेकवून ठेवलं आणि श्यामरावांना बोलावलं.

श्यामरावांनी आधी लांबून पाहिलं, मग जवळून. "छान आहे," ते म्हणाले. "पण फ्रिजला पाय का आहेत?"

"चादर आहे ती."

"हां. आता सांगितल्यावर दिसतेय."

बाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांना रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणाचा हे त्यांना नीट लावता येईना. चैतालीचा यावा तर तिने काही केलं नव्हतं. तिने फक्त चादर काढली होती. असं चित्र आपल्याला काढता आलं नाही. ते विकत घेतलं तर रोज उठून बघायचं, की बघ, तुला हे आलं नाही. न घेतलेलं बरं. त्यांनी मनाशी ठरवलं, आणि नकाराचं वाक्यही जुळवलं. भिंतीला ओल आहे, असं ते वाक्य होतं.

साडेसातला बेल वाजली. चैताली होती. प्रदर्शन आटोपून, उरलेली चित्रं दवाखान्यात ठेवून सरळ आली होती आणि तिच्या काखेत पुठ्ठ्यात गुंडाळलेलं नऊ नंबरचं चित्र होतं.

"बाई नाही म्हणाल्या तर इथून बावधनला नेऊन द्यायचंय," ती श्यामरावांना म्हणाली. "त्या आमोदचे दुपारपासून सहा फोन झाले."

"बस, बस," श्यामराव म्हणाले. "बाईंनी पण काढलंय बघ."

बाई धावत बाहेर आल्या तेव्हा चैताली कपाटासमोर उभी होती. दातांच्या डॉक्टरला लोकांची वाईट अवस्था बघून चेहरा स्थिर ठेवायची सवय असते, पण बाईंना चेहरे वाचायची सवय होती.

"बोल," बाई म्हणाल्या.

"काय बोलू, बाई?"

"मी तुमच्या वह्या तपासताना बोलायचे तसं."

चैतालीने ओठ आत घेतले. मग ती हळूच म्हणाली, "पांढरा लावलात तुम्ही."

"चादर पांढरी आहे."

"हो. पण मी पांढरा लावलेलाच नाही. ऊन आहे तिथे नुसता कागद आहे. तिथे मी हात लावला नाही."

हे बाईंना माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी, चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम करताना, त्यांच्या सरांनी त्यांना हेच सांगितलं होतं आणि तेव्हा ते त्यांना येतही होतं. मग शाळेत लागल्यावर परीक्षेत कोरा राहिलेला भाग अपूर्ण धरतात म्हणून त्यांनी मुलींना पांढऱ्याची बाटली आणायला सांगितली, आणि एकतीस वर्षं सांगितली.

"मला येत होतं हे," त्या म्हणाल्या.

"माहितीये, बाई," चैताली म्हणाली. ती खरं बोलत होती की वाईट वाटू नये म्हणून, ते बाईंना कळलं नाही. "पण पाय फार छान आलेत. टाच बघा ना. कुणाचे आहेत?"

"कांताबाईंचे."

"मस्त आहेत."

बाईंना आतून इतकं बरं वाटलं की त्याचाच त्यांना संताप आला. बासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, आठवी ब मधल्या मुलीने टाच छान आलीय म्हटल्यावर बरं वाटावं, याला काय म्हणायचं.

चैतालीने पुठ्ठा सोडून आपलं चित्र टेबलावर ठेवलं. "आणि हे तुम्हीच ठेवा. तुमच्याकडून पैसे घेणार नाही मी. गुरुदक्षिणा समजा."

"वा," श्यामराव मनापासून म्हणाले.

बाईंनी चित्राकडे पाहिलं. फुकट घेतलं तर प्रश्नच मिटत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता आलं असतं की विद्यार्थिनीने दिलं, पाया पडून दिलं. त्या वाक्याची चवसुद्धा त्यांच्या जिभेवर आली. मग त्यांना तो मस्टर्ड सोफा आठवला, शू-रॅक आठवला. हे चित्र आपल्याला काढता आलं नाही हे रोज बघणं वाईटच. पण ते बावधनला चपलांवर टांगलेलं आहे हे रोज आठवत बसणं त्याहून वाईट झालं असतं. ओलीचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

"किंमत काय लावली होतीस?"

"अठरा, पण बाई..."

"मग अठरा."

"काही थोडंफार..." श्यामरावांनी सुरुवात केली.

"अहो, चेकबुक आणा."

चेक घेताना चैतालीचे डोळे भरून आले आणि बाईंनी तिला चहा विचारला नाही, कारण ती अजून पाच मिनिटं थांबली असती तर त्यांचेही भरले असते.

सोमवारी सकाळी संतोषने येऊन खिळा मारला आणि चित्र हॉलमध्ये लागलं. दुपारी गद्रे पाइपाच्या जोडाची पावती घेऊन आले. पावती देता देता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते थांबले. गद्रे थांबलेले बाईंनी याआधी पाहिले नव्हते.

"हे, त्या दिवशी गच्चीवर काढत होतात ते?"

"हं," बाई म्हणाल्या.

या 'हं'चा त्यांनी नंतर बराच विचार केला. 'हं' म्हणजे होय होत नाही. 'हं' म्हणजे मी ऐकतेय, पुढे बोला, असाही अर्थ होतो. पण गद्रे पुढे बोललेच नाहीत. त्यांनी पावती घडी करून परत खिशात घातली, मोबाइलवर फोटो काढला, आणि ते खाली पोचायच्या आत ग्रुपवर आला. 'आपल्या खळदकर बाईंनी गच्चीवर साकारलेले चित्र. अभिनंदन. शुक्रवारच्या पाण्याबद्दल त्यांना कुणी बोलू नये.'

त्रेचाळीस निरोप आले. फुलं आली, टाळ्या आल्या, बी विंगच्या ज्या गृहस्थांनी शुक्रवारी अंगाला साबण लावलेला असताना गार पाण्याचे हाल सोसले होते त्यांनी 'सार्थक झाले' असं लिहिलं. बाई खुर्चीत बसून एकेक वाचत होत्या. गोळीची आठवणही झाली नाही. श्यामराव पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर हातात होता.

चार वाजता ओवीचा निरोप आला. ए विंगमधली ओवी, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, आता जर्मनीत शिकत होती. तिने लिहिलं, 'बाई, किती सुंदर. ती टाच तर कमाल. हे तुम्ही आम्हाला कधी का नाही शिकवलंत?'

बाईंनी तो निरोप वाचला, मोबाइल पालथा घातला आणि पुन्हा उचलून वाचला. मग चष्मा बदलून त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'वरील चित्र डॉ. चैताली रणपिसे यांचे आहे. मी ते विकत घेतले. मी गच्चीवर काढले ते वेगळे आहे आणि ते बघण्यासारखे नाही.' आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

पाच मिनिटांनी गद्र्यांनी लिहिलं, 'अच्छा. मग पाण्याबद्दल बोलायला हरकत नाही. पावती पाठवतो.'

"बरं केलंस," श्यामराव पेपरमागून म्हणाले.

बाईंनाही ते बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. गद्र्यांच्या मिसेसना त्या डॉक्टरांचा नंबर हवा होता, त्यांचीही भिंत रिकामी होती. मग साबणवाल्या गृहस्थांना हवा होता. मग ए विंगमधून आणखी दोघांना.

बाईंनी स्वतःच्या भिंतीकडे पाहिलं. सोसायटीत घरोघरी चैताली रणपिसे. गद्र्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. येणाऱ्याला गद्रे सांगणार, आमच्या चैतालीचं. त्यांनी भरभर लिहिलं, 'तिची सगळी चित्रे विकली गेली आहेत.'

श्यामरावांच्या मोबाइलवरही ते पोचलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "अकरा शिल्लक आहेत," ते म्हणाले. "मी मोजली होती."

"तुम्हाला नक्की आठवतंय?"

"मोजणं हेच काम होतं माझं."

बाईंनी चष्मा बदलला. मग त्यांनी लिहिलेलं पुसून टाकलं आणि तिथे नवं लिहिलं, 'नंबर उद्या दुपारनंतर देते.'

"उद्या का?" श्यामरावांनी विचारलं.

"तिचा दवाखाना नऊला उघडतो. आपण पावणेनऊला कर्वेनगरला असायला हवं," बाई म्हणाल्या. "त्या बाकावरच्या तिघांना मी एकसष्ट दिले होते. ते जरा कमी झाले असं वाटतंय. एकदा नीट बघून घेते, मग कुणाला हवा त्याला देऊ नंबर."

"आणि सकाळी सकाळी जाऊन सांगायचं काय?"

बाईंनी जीभ फिरवून डावीकडची मागची दाढ चाचपून पाहिली.

"तुमची दाढ दुखतेय," त्या म्हणाल्या.

"माझी?"

"गाल थोडा सुजलेला दिसला तर बरं. बाकावर बसावं लागेल तुम्हाला, तेवढ्यात मी चित्रं बघून घेते."